पॅड बांधून बसलेला माणूस

टीममधल्या दुसऱ्या विकेटकीपरचं आयुष्य काय असतं ते ज्याने ते काम केलंय त्यालाच कळतं. बॅट्समन सहा असतात, एखाद्याचा फॉर्म गेला की बाहेरच्याचा नंबर लागतो. बॉलर चार-पाच, त्यांच्यात रोज कुणाचा तरी खांदा नाहीतर मांडी धरलेली. कीपर मात्र एकच, आणि तो धडधाकट आहे तोपर्यंत दुसऱ्याने बाउंड्रीबाहेर बसायचं, ड्रिंक्स न्यायची, नेट्समध्ये थ्रोडाऊन टाकायचे आणि तरीही रोज सकाळी ग्लव्हज, आतले सुती ग्लव्हज, पॅड सगळं नीट भरून न्यायचं, कारण कुणाचं पोट कधी बिघडेल सांगता येत नाही. मी नव्वदीच्या सुरुवातीला नागपुरात कॉलेजच्या टीमचा दुसरा कीपर होतो. तीन वर्षं होतो आणि चार मॅच खेळलो. त्या चारही मॅच मला बॉल-टू-बॉल आठवतात.

म्हणून चंद्रकांत पंडित हा माझ्यासाठी नुसता एक माजी खेळाडू कधीच नव्हता.

त्याचं इंटरनॅशनल करिअर आकड्यांत सांगायचं तर एका ओळीत संपतं. ५ टेस्ट, १७१ धावा. ३६ वनडे, २९० धावा. पण त्या ५ टेस्ट कशा मिळाल्या ते बघा. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यावर तो दुसरा कीपर म्हणून गेला होता. किरण मोरे पहिला, आणि त्याने लॉर्ड्सपासून जागा पक्की केली. मग हेडिंग्लेच्या टेस्टला अझरुद्दीन जखमी झाला आणि त्याच्या जागी पंडितला घेतलं, तेही निव्वळ बॅट्समन म्हणून, ग्लव्हज मोरेकडेच. ती टेस्ट आपण जिंकलो, सिरीजही जिंकलो, आणि लोकांना त्यातलं वेंगसरकरचं शतक आठवतं, जे बरोबरच आहे.

तीन महिन्यांनी चेपॉक. ऑस्ट्रेलियाशी तीच ती टाय झालेली टेस्ट. मद्रासमधला सप्टेंबर, आणि त्यात डीन जोन्सने जवळजवळ साडेआठ तास बॅटिंग करून २१० केल्या, मैदानावर ओकत होता, पाय गोळे येऊन आखडलेले, शेवटी हॉस्पिटलात सलाईन लावावं लागलं. ही गोष्ट आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलीय, पण मला नेहमी वाटतं की त्या उन्हात स्टंपच्या मागे कोण होतं हे कुणी का विचारत नाही? मोरेची तब्येत बिघडली होती आणि कीपिंग पंडित करत होता. ऑस्ट्रेलियाने ७ बाद ५७४ वर डाव सोडला तोपर्यंत. जोन्स निदान दुसऱ्या एंडला गेल्यावर बॅटवर टेकून उभा राहू शकत होता, कीपरला दर बॉलला बसायचं आणि उठायचं. यादव, मनिंदर आणि शास्त्री हे स्पिनर टाकत असताना, म्हणजे स्टंपला चिकटून. आणि नंतर त्याने ३५ आणि ३९ केल्या, ३९ शेवटच्या दिवशी ३४८ चा पाठलाग करताना. मनिंदर पायचीत झाला आणि मॅच टाय झाली, आणि पंडित पुन्हा दुसरा कीपर झाला.

मग १९८७. त्या वर्ल्डकपला माझे बाबा मला ३१ ऑक्टोबरला सिव्हिल लाइन्सच्या ग्राउंडवर घेऊन गेले होते, चेतन शर्माची हॅटट्रिक आणि गावसकरचं वनडेतलं एकमेव शतक मी डोळ्याने पाहिलंय, आमच्या पिढीतल्या नागपूरकरांसाठी ही कुळाची पुण्याई आहे. त्यामुळे पाच दिवसांनी वानखेडेवरची सेमीफायनल आम्ही जिंकलीच आहे असं धरून टीव्हीसमोर बसलो. वेंगसरकर पोट बिघडल्यामुळे बाहेर आणि त्याच्या जागी पंडित. अझर, मोरे, वेंगसरकर. प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणाला तरी काहीतरी झालं म्हणून याला पॅड बांधायला मिळाले. इंग्लंडच्या गूचने स्वीप मारमारून ११५ केल्या, २५५ करायच्या होत्या, गावसकर ४ वर बोल्ड झाला तेव्हा बाबा उठून गॅलरीत गेले ते परत आलेच नाहीत. पंडितने २४ केल्या. मला त्या चोवीस धावा आठवतात, फार देखण्या नव्हत्या, पण तो घाबरलेला दिसत नव्हता. आपण ३५ धावांनी हरलो.

शेवटच्या दोन टेस्ट १९९२ च्या जानेवारीत, ऑस्ट्रेलियात, सिडनी आणि अ‍ॅडलेड. सिडनीला शास्त्रीचं द्विशतक, सचिनच्या नाबाद १४८, शेन वॉर्नची पहिली टेस्ट. आणि सुब्रतो बॅनर्जीची पहिली आणि शेवटची टेस्ट. सुब्रतोचं नाव लक्षात ठेवा.

आता हा माणूस घडला कुठे, तर शिवाजी पार्कात, आचरेकर सरांकडे. त्या शाळेबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी नव्याने काय लिहिणार. पण एक गोष्ट सांगतो. मुंबईच्या क्रिकेटला 'खडूस' म्हणतात आणि बाहेरच्यांना वाटतं म्हणजे तोंडाळ, भांडकुदळ. तसं नाहीये ते. खडूस म्हणजे विकेट फुकट द्यायची नाही, मॅच हातातून गेली असली तरी समोरच्याला सुखाने जिंकू द्यायचं नाही, आणि सेट झालास ना, मग शंभरावर भागणार नाही, दीडशे कर. हा गुण उपजत नसतो, लावावा लागतो, आणि लावणारा माणूस गोड बोलून लावत नाही. फर्स्ट क्लासमध्ये पंडितच्या आठ हजारांवर धावा आहेत, ४८ च्या वरची सरासरी. कीपरची! आजच्या काळात असा कीपर असता तर त्याला कुणी बाहेर बसवलाच नसता असं मला वाटतं, पण तेव्हा कीपरकडून लोक आधी कीपिंगच मागायचे.

आणि मग ती १९९९ ची फायनल, जिच्यावाचून पुढचं काही कळत नाही.

मुंबई सोडून तो मध्य प्रदेशकडून खेळायला लागला होता आणि त्यांचा कॅप्टन होता. मध्य प्रदेश म्हणजे जुना होळकर संघ, सी. के. नायडूंचा, ज्यांनी चार वेळा रणजी जिंकली होती पण शेवटची १९५२-५३ ला. त्यानंतर काहीच नाही. रणजी फायनल बंगलोरला, चिन्नास्वामीवर, समोर कर्नाटक. पहिल्या डावात मध्य प्रदेशला ७५ चा लीड मिळाला. रणजी फायनलचा नियम सगळ्यांना माहीत आहे, मॅच ड्रॉ झाली तर पहिल्या डावातला लीड ज्याचा, ट्रॉफी त्याची. म्हणजे शेवटच्या दिवशी २४७ करा किंवा नुसते उभे राहा. उभे राहिले असते तरी झालं असतं. आणि विजय भारद्वाज, जो मुळात बॅट्समन, त्याने ऑफस्पिन टाकून ६ विकेट काढल्या, १५० वर सगळे आऊट. ९६ धावांनी हार.

मी स्वतः कधी फायनल खेळलो नाही, पण ड्रॉसाठी खेळताना टीमचं काय होतं ते पाहिलंय. अर्धे म्हणतात मारू या, अर्धे म्हणतात थांबू या, एक विकेट पडते तेव्हा कुणाला काही वाटत नाही, दुसरी पडली की आत पॅड बांधणाऱ्याचे हात थरथरतात, तिसऱ्याला तर बकल लागत नाही. सगळं एका सेशनमध्ये, म्हणजे दोनेक तासांत होतं. पाच दिवसांतले साडेचार दिवस तुम्ही चॅम्पियन असता. कॅप्टनला ते सेशन आयुष्यभर सोडत नाही, आणि पंडितला ते सोडत नव्हतं हे त्याने स्वतःच कितीतरी वेळा बोलून दाखवलंय.

पुढे तो कोच झाला. मुंबईला २००२-०३ आणि २००३-०४ अशी लागोपाठ दोनदा रणजी मिळवून दिली, मग मध्ये इकडेतिकडे काम करून परत मुंबई, २०१५-१६ ला पुन्हा ट्रॉफी. पुढच्या वर्षी इंदूरच्या फायनलमध्ये मुंबई गुजरातकडून हरली आणि त्याला काढलं. एक फायनल हरला म्हणून, असं मी म्हणत नाही, आतलं मला माहीत नाही. पण आदल्या वर्षी चॅम्पियन आणि या वर्षी फायनल, एवढं करूनही माणूस घरी बसतो हे मुंबईतच होऊ शकतं.

त्यांनी सोडला म्हणून तो आम्हाला मिळाला.

विदर्भाबद्दल बाहेरच्या माणसाला कसं सांगू. आमची टीम १९५७ पासून रणजी खेळतेय. साठ वर्षं! आमच्या घरी पेपर आला की बाबा स्कोअरकार्ड वाचायचे आणि विदर्भ किती धावांनी हरला तेवढं विचारायची आमची सवय, हरला का हे कुणी विचारायचंच नाही. चांगले खेळाडू होते बरं का, कायम होते. पण मोठ्या टीमसमोर उभं राहिलं की खांदे पडायचे, आणि ड्रॉ झाली तरी आम्ही घरी जिंकल्यासारखे यायचो. आपण काय, आपण विदर्भ. हे वाक्य मी ग्राउंडवर लहानपणापासून ऐकलंय आणि म्हटलंही आहे.

२०१७ ला पंडित आला, मुंबईहून वासिम जाफर आधीच आला होता, कॅप्टन फैज फझल, आणि बॉलर घडवायला सुब्रतो बॅनर्जी. सिडनीला एकाच टेस्टमध्ये खेळलेले दोघं, एकाची ती एकमेव टेस्ट आणि दुसऱ्याची शेवटून दुसरी, पंचवीस वर्षांनी नागपूरजवळच्या जामठ्याच्या ग्राउंडवर आमच्या पोरांना घेऊन उभे. ज्यांना स्वतःला फार थोडं मिळालं त्या दोघांनी आम्हाला एवढं दिलं, हा विचार आला की माझा गळा दाटतो, खोटं नाही सांगत.

त्या सीझनची सेमीफायनल, ईडन गार्डन्स, समोर कर्नाटक. परत कर्नाटक. त्यांना जिंकायला १९८ हव्या होत्या आणि शेवटच्या सकाळी शेपटाने धावा जोडत जोडत एकशे नव्वदच्या पुढे नेल्या. ऑफिसात मोबाईलवर स्कोअर रिफ्रेश करत होतो, आणि मला अगदी आतून माहीत होतं की आता आपण हरणार, कारण आपण असेच हरतो. रजनीश गुरबानीने शेवटची विकेट काढली, त्याची त्या डावातली सातवी. ५ धावांनी जिंकलो. जुना विदर्भ ती मॅच दहातल्या दहा वेळा हरला असता, हे मी पैजेवर सांगतो.

तेव्हा मला १९९९ आठवलं. तोच कर्नाटक, तोच शेवटचा दिवस, तसंच सेशन. कोच बाहेर बसून बॉल टाकू शकत नाही, पण आधीचे सहा महिने त्याने या पोरांकडून जे करून घेतलं होतं, वेळेवर या, दमलात तरी अजून एक राउंड, कॅच सुटला तर परत पन्नास, सीनियर असो की ज्युनिअर नियम एकच, ते सगळं त्या पाच धावांत होतं असं मला वाटतं. ज्याने स्वतः एक सेशन हरून ट्रॉफी घालवलीय तोच माणूस सेशनला एवढा जपणार.

फायनल इंदूरला, दिल्लीशी. गुरबानीची हॅटट्रिक, तिघंही बोल्ड, रणजी फायनलमधली ती फक्त दुसरी हॅटट्रिक. आणि बॅटिंगला अक्षय वाडकर. पहिलाच सीझन, फर्स्ट क्लासमधलं पहिलं शतक, १३३, रणजी फायनलमध्ये. कीपर! कीपरने घडवलेला कीपर. १ जानेवारी २०१८ ला आम्ही ९ विकेटने जिंकलो. बाबा तोपर्यंत गेले होते. मी त्या दिवशी त्यांची जुनी आरामखुर्ची गॅलरीत नेऊन ठेवली आणि तिथे बसून राहिलो.

पुढच्या वर्षी परत जिंकलो, या वेळी जामठ्याला, मी ग्राउंडवर होतो. सौराष्ट्रला २०६ हव्या होत्या आणि पुजारा, जो त्याच हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात भिंत होऊन आला होता, त्याला आदित्य सरवटेने दोन्ही डावांत काढला, १ आणि ०. दुसऱ्या वेळी तो परत जाताना स्टँडमध्ये आम्ही हजारभर माणसं असू, पण जो आवाज झाला तो मी ८७ च्या हॅटट्रिकनंतर नागपुरात ऐकला नव्हता. ७८ धावांनी जिंकलो. पंडित मला दुरून दिसला, डोक्यावर हॅट, हाताची घडी. नाचत वगैरे नव्हता.

त्याच्या कडकपणाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. मध्य प्रदेशचा कॅप्टन आदित्य श्रीवास्तव, त्याला लग्नासाठी दोनच दिवस सुट्टी घे म्हणून सांगितलं होतं आणि त्याने ते ऐकलं, ही गोष्ट २०२२ ला सगळ्या पेपरात आली. लोकांनी कौतुकाने शेअर केली. मला वाचून जरा कसंतरीच झालं. मुलगी लग्न होऊन घरात आलीय आणि नवरा तिसऱ्या दिवशी कॅम्पला. मी आचरेकरांच्या काळातली शिस्त मानणारा माणूस आहे, पण मानणं वेगळं आणि स्वतःच्या पोराला त्यात घालणं वेगळं, माझा भाचा सतरा वर्षांचा आहे, क्लबकडून खेळतो, तो अशा कोचकडे गेला तर मला आनंद होईल आणि रात्री झोपही लागणार नाही, दोन्ही. पण पंडित त्या पोरांकडून जे मागत होता ते त्याने स्वतः आधी भरलेलं आहे. ज्याला संधी अशी अचानक मिळत गेली, तो दुसऱ्याला 'तयार राहा' कसं सांगणार? सवडीने नाहीच सांगणार.

२०२० ला तो मध्य प्रदेशला परत गेला, ऐन लॉकडाऊनच्या तोंडावर. आणि २६ जून २०२२ ला, त्याच चिन्नास्वामीवर, तेवीस वर्षांनी, मध्य प्रदेशने रणजी जिंकली. समोर मुंबई, तोपर्यंत ४१ वेळा जिंकलेली, जिथे तो घडला ती मुंबई, आणि तिचा कोच अमोल मुझुमदार, तोही आचरेकरांचाच. मुंबईने ३७४ केल्या, सर्फराझच्या १३४. मग यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२. ५३६! तिघांनी शतकं केली आणि कुणालाही घाई नव्हती. ती मॅच मी टीव्हीवर बघत होतो आणि मनात म्हणत होतो की अरे, हे तर मुंबई खेळतेय. खडूसपणा शिवाजी पार्कातून निघून इंदूरला राहायला गेला होता, आणि खऱ्या मुंबईला कळत नव्हतं की समोरून आपणच येतोय तर करायचं काय. शेवटच्या दिवशी १०८ हव्या होत्या, ६ विकेटने जिंकले. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि तो रडत होता. जामठ्याला हाताची घडी घालून उभा राहिलेला माणूस, साठीला आलेला, सगळ्या देशासमोर रडत होता. कोच म्हणून त्याची ती सहावी रणजी ट्रॉफी होती.

आयपीएलचं मी थोडक्यात सांगतो, कारण मला त्यात तितका जीव नाही. केकेआरने त्याला घेतलं, पहिल्या वर्षी टीम सातवी आली, २०२४ ला जिंकली, २०२५ ला आठवी, आणि मग वेगळे झाले. २०२४ नंतर सगळं श्रेय मेंटॉर गंभीरला गेलं, जो इंदूरच्या त्या फायनलला दिल्लीकडून आमच्याविरुद्ध खेळला होता. एका परदेशी खेळाडूने पंडितची शिस्त लष्करी थाटाची आहे, खेळाडूंना ती रुचली नाही असं जाहीर सांगितलं. असेल. दोन महिन्यांसाठी जगभरातून आलेल्या तयार माणसांना कोण काय शिकवणार, त्याचं काम मुळात विशीतल्या पोरांवर वर्षभर करायचं काम आहे. मला एवढंच लक्षात राहिलं की ती २०२४ ची फायनल चेपॉकला होती. हैदराबाद ११३ वर गारद झालं, अकराव्या ओव्हरमध्ये मॅच संपली. अडतीस वर्षांपूर्वी याच मैदानावर, जोन्सच्या मागे, त्याने दोन दिवस उठाबशा काढल्या होत्या. कॅमेरा त्याच्यावर फार थांबला नाही.

मार्च २०२५ मध्ये आम्ही तिसऱ्यांदा रणजी जिंकलो, जामठ्यालाच, केरळशी ड्रॉ झाली आणि पहिल्या डावातल्या ३७ च्या लीडवर ट्रॉफी मिळाली. हो, लीडवरच. कॅप्टन अक्षय वाडकर. पंडित तर कधीचा गेलेला, तेव्हा कोच उस्मान घनी, आमचा इथलाच माणूस. तिसऱ्या दिवशी मी भाच्याला घेऊन गेलो होतो. केरळ लीडच्या जवळ येत चाललं होतं, सचिन बेबी नव्वदीत गेलेला, आणि वाडकर स्टंपमागून बोलतोय, बोलतोय, दर बॉलला बोलतोय, आवाज वर स्टँडपर्यंत येत होता. बेबी ९८ वर गेला तेव्हा सगळे धावत बॉलरकडे गेले.

भाचा त्यांच्याकडे बघत होता. मी सवयीने बाउंड्रीकडे बघितलं. बिब घातलेला एक पोरगा बाटल्यांचा ट्रे घेऊन आत पळत होता, आणि त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांना टेप गुंडाळलेली होती.